मासा मूळचा कुडपणचा

मुरारी उतेकरच्या फ्रीजरला सरकारी सील लागलं. हे वाक्य वाचून झालं असेल तर विसरून जा, कारण तसं काही घडलेलंच नाही. मुरारीला विचारलंत तर तो सांगेल की फ्रीजर ठणठणीत आहे. त्याला नुसती सुतळी बांधलीय, सुतळीवर लाख आहे आणि लाखेवर सिंह आहेत. बाकी सगळं पहिल्यासारखं.

तेव्हा सील नाही असं धरून सुरुवात करू.

पोलादपूरच्या एसटी स्टँडमागे मुरारीचं गोठवलेल्या मासळीचं दुकान होतं. त्याआधी बावीस वर्षं त्याने मुंबईत एका इमारतीच्या गेटवर स्टुलावर बसून काढली होती. दुकान चाललं तर वर डोंगरातल्या कुडपण गावी स्वतःच्या घरात राहायचं, नाही चाललं तर परत त्याच स्टुलावर, एवढा साधा मामला होता. त्याच्या बायकोने, रखमाने, बजावून ठेवलं होतं, "तुमी खुशाल जावा. मी मुंबईच्या त्या खोलीत परत पाय ठेवनार नाय."

दुकानात सगळ्यात जास्त खपायचा तो बिनकाट्याचा पांढरा मासा. डोंगरातली माणसं जन्मभर नदीतल्या मासळीच्या काट्यांशी झटापट करत आलेली. काटाच नसलेला मासा ही त्यांना फसवणूक वाटायची, पण चवीला बरी असलेली. पारदर्शक पिशवी, आत दोन पांढरे तुकडे, वर एक अक्षर नाही.

दिवाळी उलटली आणि अन्न खात्याच्या प्रियदर्शिनी मॅडम तपासणीला आल्या. त्यांनी पिशवी उलटीसुलटी करून पाहिली.

"हा मासा मूळचा कुठला?"

"वीरचा, मॅडम."

"वीर रेल्वे स्टेशन आहे."

"हां, तितंच उतरतो तो. मंग रिक्षानं येतो."

"तो उतरतो कुठे ते मी विचारलं नाही. मूळचा कुठला, ते प्रत्येक पिशवीवर छापलेलं पाहिजे. आठ दिवस देते. नाहीतर परवाना रद्द."

मुरारीने मुंबईच्या व्यापाऱ्याला फोन लावला. व्यापारी म्हणाला, मासा तुर्भ्याचा. तुर्भ्याचा गोदामवाला म्हणाला, मासा ट्रकमधला. ट्रकवाल्याने फोन उचलला नाही, पण त्याने उचलला असता तर मासा रस्त्यातलाच निघाला असता.

खरं उत्तर मासा आला त्या खोक्यावर छापलेलं होतं. पण बाकीची खोकी रखमाने चुलीत घातली होती. उरलं होतं ते एकच, आणि त्यात पेंढा घालून तिची कोंबडी अंड्यांवर बसली होती. छापील बाजू आत दुमडलेली, कोंबडीच्या बरोबर खाली.

"जरा उचल ना तिला," मुरारी म्हणाला. "निसतं वाचतो नि ठेवतो."

"हात लावू नका! बिथरली तर अंडी सोडंल ती. एकवीस दिस थांबा."

"मॅडमनं आठच दिलेत गो!"

"मंग मॅडमला सांगा अंडी उबवायला."

रात्रीच्या जेवणाची वाट न बघता रखमाने भाकरी थापता थापताच प्रश्न सोडवला. "आपली दर्शना जन्मली कुटं?"

"मुंबईला. नायरला."

"वाढली कुटं?"

"मुंबईलाच."

"आनि कुनी इचारलं तर गाव काय सांगते?"

"कुडपण."

"का?"

"का म्हंजे? आपलं घर हितं हाय, देव हितं हाय."

"मंग माशाला आपल्याबिगर कोन हाय?"

यावर मुरारीने मान डोलावली. तुम्हीही डोलावाल. कुडपणची चार पिढ्या मुंबईत राहिलेली माणसंसुद्धा फॉर्मवर मूळ गाव कुडपणच लिहितात. जन्म कुठे झाला हा दवाखान्याचा प्रश्न आहे, मूळ कुठलं हा घराचा. महाडला कॉलेजात जाणाऱ्या दर्शनाने दोनशे स्टिकर छापून आणले: "समुद्री मासा. मूळ ठिकाण: मौजे कुडपण, ता. पोलादपूर." खाली तिने हौसेने निळी लाटही काढली होती.

तिसऱ्या दिवशी मुरारीच्या चुलतभावाचा, अनिलचा, फोन आला. अनिल मुंबईतल्या कुडपण ग्रामस्थ मंडळाचा सेक्रेटरी होता.

"मुरारीदादा, गावात समुद्र निघाला आणि मंडळाला इन्फर्म नाय करायचं?"

"निघाला नाय रे, ते निसतं स्टिकर..."

"फोटो आलाय ग्रुपवर. दोनशे दहा मेंबरनी अंगठा दाखवलाय. मंडळानं अभिनंदनाचा ठराव पास केलाय, आता फालतूमध्ये नाय बोलू नको."

फोटो एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर फिरत गेला आणि त्या रविवारी आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला निघालेल्या तीन गाड्या मध्येच कुडपणकडे वळल्या. पहिल्या गाडीतल्या बाईच्या कमरेला हवा भरलेली रिंग होती. वाटेत गवताचा भारा घेऊन सोनबा उभा होता. वय ऐंशी, आणि उभ्या आयुष्यात त्याने दमलेल्या वाटसरूला "अजून लांब हाय" असं कधी सांगितलेलं नव्हतं. डोंगरात ती रीतच नाही.

"आजोबा, समुद्र किती लांब?"

"आलाच की," सोनबा म्हणाला. "त्या वळनाच्या पल्याड."

वळणापलीकडे कडा होता. कड्याखाली सकाळचं धुकं खोऱ्यात काठोकाठ भरलेलं, पांढरं, संथ, मधूनच एखाद्या डोंगराचं डोकं वर आलेलं. पाहुण्यांनी फोटो काढले. रिंगवाल्या बाईला नवऱ्याने वेळेवर धरलं. संध्याकाळपर्यंत इंटरनेटवर कुडपण बीचला चार तारे मिळाले होते. "स्वच्छ किनारा. लाटांचा आवाज अजिबात नाही. पाण्यात उतरायला पायऱ्या हव्यात."

आठव्या दिवशी प्रियदर्शिनी मॅडम आल्या. त्यांनी स्टिकर वाचला, मग चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"उतेकर, कुडपणला समुद्री मासा?"

"मूळचा म्हनालात ना मॅडम."

"कुठल्या बोटीने पकडला? बोटीचा नंबर? कुठल्या बंदरावर उतरवला?"

मुरारीने स्टिकरवरच्या निळ्या लाटेवर बोट ठेवलं. त्यानंतर जे झालं ते झालेलं नाही असं आपलं ठरलंय. महिनाभरात खुलासा दिला नाही तर परवाना कायमचा जाणार होता.

एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर पडली. मुरारीने पेंढा उपसून खोक्याची बाजू फाडली. तिथे स्वच्छ छापलेलं होतं: व्हिएतनाम. तो तुकडा, पिल्लांच्या खुणांसकट, घेऊन त्याने स्कूटर थेट मॅडमच्या ऑफिसात नेली.

"छान," मॅडम नाकाला रुमाल लावून म्हणाल्या. "पण तुम्ही आधीच कुडपण घोषित केलंय. ती घोषणा चुकीची होती हे सिद्ध झाल्याशिवाय मला व्हिएतनाम लिहिता येत नाही."

"मॅडम, चुकीचीच हाय! कुडपणला समुद्र नाय!"

"असं तुम्ही म्हणता. इंटरनेटवर एकशे चाळीस फोटो आहेत. समुद्र नसल्याचा दाखला आणा, सील काढते."

मुरारी तलाठी भागोजींकडे गेला. भागोजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"विहीर असल्याचा देतो. झाड असल्याचा देतो. नसल्याचा कसा देऊ? नसलेल्या गोष्टीचा पंचनामा करायला मी उभा कुठं राहू?"

"कड्यावर उभे राहा, भाऊ. खाली बघा. नाय दिसनार."

"गेलतो रविवारी, मंडळींना घेऊन," भागोजी जरा खालच्या आवाजात म्हणाले. "बरा आहे समुद्र. तुम्ही असं करा, ग्रामसभेचा ठराव आणा."

ग्रामसभेला पहिल्यांदाच कोरम भरला. मुरारीने उभं राहून ठराव मांडला की मौजे कुडपण येथे समुद्र नाही. मग कमळाबाई उठली. तिने कड्यावर चहाची टपरी टाकलेली होती.

"नाय कसा? मंग रविवारची मानसं कशाला येतात, तुजं तोंड बघाया?"

"काकी, ते धुकं हाय!"

"उनाळ्यात आटत असंल. आपली विहीर नाय आटत?"

सोनबाने काठी टेकली. "मी पावन्यांना सांगून बसलोय, वळनापल्याड हाय म्हनून. आता ह्या वयात मला खोटा पाडतोस व्हय रे?"

मतदान झालं. समुद्र नाही म्हणणारे हात वर करा, असं सरपंच म्हणाले. एक हात वर झाला. मुरारीने आशेने बाजूला बसलेल्या रखमाकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

"तू बी?" त्याने विचारलं.

"कड्यावर माज्या भाकरी नि कुळथाचं पिठलं हातोहात जातंय," रखमा पुढे बघतच म्हणाली. "गेल्या रविवारी पीठ संपलं. दुकान गेलं तर जाऊ द्या. समुद्र ऱ्हायला तर आपन बी हितंच ऱ्हातो. समुद्र गेला की तुमी स्टुलावर."

मुरारीने आपल्या वर केलेल्या हाताकडे पाहिलं. मग त्याने तो खाली घेतला आणि त्याच हाताने खिशातलं पेन काढलं. समुद्र नसल्याच्या दाखल्यासाठी लिहून आणलेला अर्ज त्याने उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर, ग्रामसभेतल्या सगळ्यांच्या सह्यांना जागा सोडून, सुवाच्य अक्षरात लिहिलं:

"मा. तहसीलदार साहेब यांसी, अर्जदार मुरारी भागुराम उतेकर, रा. मौजे कुडपण, सविनय अर्ज करतो की, आमचे गावी ग्रामसभेने एकमताने मान्य केलेला समुद्र असून तो फक्त सकाळी नऊपर्यंत टिकतो. तरी सदर समुद्र दुपारी चारपर्यंत वाढवून मिळावा. भरती-ओहोटीची आमची मागणी नाही. पाणी खारट नसले तरी चालेल, तसेच पाणी नसले तरी हरकत नाही. मात्र शनिवार-रविवारी त्यास सुट्टी देण्यात येऊ नये, ही नम्र विनंती."