धिप्पाडरावाची बटणं

माझ्या हातून झालेली चूक आधीच सांगून टाकतो. मी एका माणसाचं पुस्तक रद्दीत दिलं आणि दोष उंदरांवर ढकलला. ऐकायला हे किरकोळ वाटेल. ते किती मोठं होतं हे कळायचं, तर आधी तो माणूस कळायला हवा. तो माणूस सवासहा फूट उंच आहे आणि गुडघ्यांवर चालतो.

रस्त्यात नाही, वर्गात. तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर आमची दोन शिक्षकांची शाळा आहे. मी मुख्याध्यापक, माझ्याकडे तिसरी-चौथी. पहिली-दुसरी तांडेल सरांकडे. दर जूनमध्ये नवी मुलं आली, की तांडेल सर आधी दाराच्या चौकटीला डोकं आपटतात. मग चौकटीवरून हात फिरवून तिलाच विचारतात, "लागलं का गं?" आणि खाली बसून गुडघ्यांवर आत जातात. फळ्याशी गुडघ्यांवर, खडू आणायला गुडघ्यांवर, पाणी प्यायलाही तसेच. त्यांच्या प्रत्येक पँटला गुडघ्यांपाशी शिडाच्या जुन्या कापडाची ठिगळं असतात. ती त्यांची आई लावते. ही आई डहाणूच्या बाजारात सुकी मासळी विकते आणि लेकाला अजून 'बारक्या' म्हणते. बारक्या पन्नाशीला आलाय. लग्न केलेलं नाही.

एकदा तपासणीला साहेब आले होते. त्यांनी विचारलं, "हे काय तांडेल, पाय दुखतात का?"

"नाही साहेब. वाकून बघा ना जरा. इथून सगळं दिसतं."

साहेब वाकले नाहीत. 'शिक्षक वर्गात उभे राहत नाहीत' असा शेरा लिहून गेले.

'वाकून बघा ना जरा' हे तांडेलांचं पालुपद. चारोटीच्या हॉटेलात पोऱ्या म्हणाला, वडे संपले. तांडेल म्हणाले, "वाकून बघ ना जरा." तो वाकला, आणि खालच्या फळीवर दोन वडे खरंच निघाले. तेव्हापासून त्यांचा या वाक्यावरचा विश्वास वाढलाच.

एका जागी बसणं मात्र त्यांना जमत नाही. आम्ही दोघं डहाणूहून त्यांच्या मोटरसायकलवर येतो. त्यांच्या पाठीमागे मला वारा लागत नाही आणि रस्ताही दिसत नाही. सिग्नलला गाडी थांबली, तरी ते दोन्ही पाय जमिनीवर टेकून गाडी मागेपुढे हलवत राहतात. "तांडेल, स्थिर राहा हो!" असं मी ओरडतो. "जागा पुरत नाही सर," ते म्हणतात.

म्हणूनच बहुधा त्यांना धिप्पाडराव आवडला असावा. कधीतरी कुणीतरी शाळेला दिलेल्या खोक्यातलं ते लहान मुलांचं चित्रांचं पुस्तक. त्यातला धिप्पाडराव नावाचा प्रचंड मोठा, पण भला राक्षस बसायला जागा शोधत हिंडतो. डोंगरावर बसावं तर खाली गाव, माळावर बसावं तर बकऱ्या. बिचारा उभाच. शेवटी तो समुद्रात जाऊन बसतो आणि कोळी त्याच्या पायाच्या अंगठ्याला होड्या बांधतात. शेवटच्या पानावर नुसता तो, हनुवटीपासून पायापर्यंत, साध्या पांढऱ्या सदऱ्यात.

त्या सदऱ्यावर तांडेलांनी एक पद्धत पाडली होती. पहिलीतल्या मुलाची राक्षसाची भीती गेली, की त्याने आपल्या हाताने सदऱ्यावर एक बटण काढायचं. भीती गेली नसेल तर नाही. खोटं बटण चालणार नाही. कुणी दोन दिवसांत काढायचं, कुणी दिवाळीपर्यंत थांबायचं. गेल्या चौदा वर्षांतली सगळी मुलं त्या सदऱ्यावर होती. नवं मूल पान बघायचं आणि ओरडायचं, "ह्या माझ्या दादाचा!" दादा घाबरला नाही म्हटल्यावर धाकट्यालाही धीर यायचा. पुस्तक फाटायचं. मग आईच्या हातचा जाळ्याचा दोरा घेऊन तांडेल ते पुन्हा शिवायचे.

हे सगळं कशासाठी, ते एकदाच त्यांनी मला सांगितलं होतं. चहाचा कप हातात घेऊन येरझारा घालत. नोकरीच्या पहिल्या दिवशी ते वर्गात शिरले आणि पुढे बसलेली एक मुलगी किंचाळून पळाली. गवतातून थेट नदीपर्यंत. पुन्हा शाळेत आलीच नाही. "मी दोनदा घरी गेलो तिच्या. दोन्ही वेळा कणगीमागे लपली. सर, तिने माझ्याकडे बघितलं ना, तेव्हा मला कळलं मी कसा दिसतो." मग लगेच म्हणाले, "चला, गाडी काढतो." कप अर्धा तसाच राहिला.

इतकं माहीत असून मी काय केलं? एप्रिलमध्ये वरून आदेश आला, की जीर्ण पुस्तकं दप्तरातून कमी करा. तांडेल प्रशिक्षणाला गेलेले. मी कपाट उघडलं. एक पुस्तक दोऱ्याने शिवलेलं, त्याला बोंबलाचा वास, शेवटचं पान पेनाने गिरगिटलेलं. मी ओळखलं नाही असं म्हणणार नाही. ओळखलं. पण मला ते काम त्याच दिवशी संपवायचं होतं, आणि सरांसाठी थांबायचं म्हणजे आणखी आठवडा. यादीत 'विद्रूप' असं लिहिलं आणि गठ्ठ्यात टाकलं. गठ्ठा डहाणूला रद्दीवाल्याकडे गेला.

जूनच्या पहिल्या दिवशी तांडेल कपाटापुढे गुडघ्यांवर बसले होते. "सर, धिप्पाडराव कुठाय?"

मी म्हणालो, "उंदरांनी खाल्लं असेल."

खरं बोलायला तेवढाच वेळ लागला असता. पण त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं आणि माझी जीभ आपोआप वळली.

दुसऱ्या दिवशी ते पिंजरा घेऊन आले. सुक्या बोंबलाचा तुकडा लावला आणि पहिला उंदीर सापडला. मला वाटलं, मारतील. "छे! गुन्हा केला, पण त्याला कुठे वाचता येतं?" त्यांनी पिंजरा मोटरसायकलला बांधला, मला मागे बसवलं आणि अच्छाडच्या पुढे, गुजरातच्या हद्दीत नेऊन उंदीर सोडला. तलासरी तालुक्यातून, जिल्ह्यातून आणि राज्यातून एकदम हद्दपार. असे एकापाठोपाठ सात. तिसऱ्या वेळी पलीकडच्या पोलिसाने अडवलं. "पांजरामां शुं छे?"

"उंदीर."

"क्यां लइ जाओ छो?"

"तुमच्याकडे. आमच्याकडे पुस्तकं खातो."

पोलीस हसून हसून खाली बसला. मागच्या सीटवर मला मात्र घाम फुटला होता. प्रत्येक उंदीर पिंजऱ्यातून बाहेर पडताना माझ्याकडे बघून जातो असं वाटायचं.

मला झोप लागेना, जेवण जाईना, खुर्चीत बसलो की उठावंसं वाटे. त्यात मंगी आली. यंदा पहिलीत आलेली, हातात मूठभर चिंचोके. तांडेलांना दारात बघितलं आणि ती मागे सरकत सरकत हातपंपापाशी जाऊन बसली. रोज यायची, रोज तिथेच बसायची. तांडेल गुडघ्यांवर ओटीपर्यंत गेले, तर ती उठून फाटकाशी गेली. त्यांनी पुस्तकाशिवाय तोंडानेच गोष्ट सांगितली. पण दाखवायला बटणं नव्हती, दादा-ताईंची साक्ष नव्हती. गोष्टीतला राक्षस उभा राहिला म्हणून तांडेलही उभे राहिले आणि मंगी फाटकाबाहेर पळाली. त्यानंतर दोन दिवस आलीच नाही.

तांडेलांचं डोकं चौकटीला आपटलं, तर त्यांनी चौकटीला 'लागलं का गं?' असं विचारलंही नाही.

त्या शनिवारी मी रद्दीवाल्याकडे धावलो. त्याने गठ्ठा चिकूच्या वाडीवर विकला होता. वाडीवर गेलो. शेडमध्ये बायका खोक्यांत कागद अंथरून चिकू भरत होत्या. मी पुस्तकाचं वर्णन केलं. एक बाई म्हणाली, "जाड रंगीत पानं ना? लय चांगली व्हती. फळ घासत नाय. ती गेली दिल्लीला."

"सगळी?"

"येका राकुसाचा चित्र व्हता, बटनांवाला. त्यो तर खोक्यात सगळ्यांवर टाकला, वरून शोभंल म्हणून."

धिप्पाडराव शेवटी बसला होता तर. चिकूंवर, दिल्लीला जाणाऱ्या ट्रकमध्ये.

सोमवारी सगळं सांगायचं असं ठरवून मी शाळेत गेलो. ओटीवर खाकी कागदांचे तुकडे चिकटवून मोठी चादर केलेली होती आणि तिच्यावर तांडेल सर आडवे पडले होते. डोळे मिटलेले, हात पसरलेले. मुलं खडूने त्यांच्याभोवती रेघ मारत होती. "कानाजवळ हळू रे, गुदगुल्या होतात!" मग ते बाजूला सरकले आणि त्यांच्याच मापाचा धिप्पाडराव कागदावर उरला. तरी ते उठले नाहीत. त्याच्याशेजारीच आडवे झाले. दुसरीची मुलं सदऱ्यावर पुन्हा आपापली बटणं काढू लागली.

फाटकाशी मंगी उभी होती. झोपलेला माणूस कितीही लांब असला, तरी उंच नसतो. ती हातपंपापाशी आली, मग पायरीशी, मग ओटीवर. बराच वेळ तांडेलांच्या पायांकडे बघत राहिली. मग खडू घेतला आणि धिप्पाडरावाच्या नाकावर एक भलंमोठं बटण काढलं.

"नाकाव कशाला गं?" कुणीतरी विचारलं.

"नाय तं त्याला शेंबूड येल," मंगी म्हणाली.

तांडेल हसले नाहीत. त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि पापण्यांच्या कडेने पाणी कानाकडे ओघळलं. ते त्यांनी पुसलंही नाही. हात हलला असता तर मंगी दचकली असती.

थोड्या वेळाने ते पडल्या पडल्याच म्हणाले, "सर, एक बटण तुमचंही होऊन जाऊ द्या."

मुलांनी माझ्या हातात खडू दिला. मी गुडघ्यांवर बसलो. गुडघे दुखले, माझ्या पँटला ठिगळं नव्हती. खडू कागदाला टेकवला, पण नियम आठवला. खोटं बटण चालणार नाही.

"वाकून बघा ना जरा," तांडेल म्हणाले. "जागा आहे अजून."

मी वाकलो. त्यांच्या तोंडाजवळ तोंड नेलं.

"तांडेल," मी म्हणालो, "ते साती उंदीर निर्दोष होते. पुस्तक मी रद्दीत दिलं. ओळखून दिलं, आणि तुमच्याशी खोटं बोललो. माझं चुकलं. मला माफ करा."