शिवलेला शेवट

निरगुडसरच्या वाचनालयात ते पुस्तक आलं, तवा प्रत एकच व्हती आन वाचणारा समदा गाव. खून, तळघरं, गुप्त खुणांची भाषा. परदेशात लाखांनी खपलेलं, मराठीत उतरलेलं. टीव्हीवर त्याचं नाव आलं आन ज्यानं बियाण्याच्या पिशवीपल्याड काय वाचलं नव्हतं, त्योबी म्हणाया लागला, "लई खोल हाय राव."

खरं वाचत व्हता एकटा गेणभाऊ. तेबी बायकोसाठी. सरुबाई खुब्याचं हाड मोडून खाटंला खिळलेली. तिला त्यो रोज दिवेलागणीला वाचून दाखवायचा. गोष्ट अशा जागी आली की एक पोरगी तळघरात कोंडलेली, पाणी गळ्याशी आलेलं, आन दाराच्या कुलपावर त्या खुणा. सरुबाईला सोमवारी ऑपरेशनला पुण्याला न्यायचं ठरलं व्हतं. ती म्हणाली, "त्या पोरीचं काय झालं तेवढं सांगा. मंग न्या मला कुठं न्यायचं तिथं."

नेमकं तवाच वाचनालयाच्या समितीला रहस्याची काळजी लागली. कुणी शेवट वाचला आन पारावर बोलला, तर जबाबदार कोण? अध्यक्ष हौशीराम म्हणाले, बंदोबस्त करा. पुस्तक गेणभाऊकडनं मागवून घेतलं. कांद्याच्या गोण्या शिवायचं दाभण आणलं, सुतळीनं शेवटचं प्रकरण गच शिवून टाकलं आन गाठीवर मतपेटीला लावत्यात तशी लाख लावली. पोथीची व्हती तशी याचीबी समाप्ती रविवारी करायची, प्रमुख पावण्यांच्या हस्ते, वाचकांच्या प्रश्नोत्तरांसकट, असं ठरलं. पुस्तकाच्या मागं छापलेलं वाचकांसाठीचं प्रश्नबी शिवणीतच गेलं व्हतं, म्हणून समितीनं घरचंच प्रश्न काढलं.

रविवारी पावणं आलं. पुस्तकाला हार घातला, नारळ फोडला. पयला प्रश्न: 'सदर पुस्तकातील गुप्त खुणांचा ग्रामविकासाशी काय संबंध आहे?' हौशीराम उठून म्हणाले, संबंध घनिष्ठ आहे. टाळ्या पडल्या. पावण्यांनीबी सांगितलं, आपुन हे पुस्तक दोनदा वाचलंय, आन दोन्ही टायमाला संबंध घनिष्ठच निघाला.

मंग गेणभाऊ उठला. टोपी काढून हातात घेतली.

"सायेब, ती पोरगी जगली का?"

पावण्यांनी हौशीरामाकडं बघितलं. हौशीरामानं हाराकडं बघितलं.

"भाऊ, सवाल जरा वाचकाच्या लायकीचा इचारा," हौशीराम म्हणाले.

तवर पावणं सावरलं. म्हणालं, शेवट फोडणं रहस्याच्या हिताचं न्हाई. सुतळी कापायला आणलेली कात्री तबकातच राह्यली आन जागेवर ठराव झाला: 'रहस्यभंग टाळणेकामी सदर शिवण कायम करणेत येत आहे.' सर्वानुमते मंजूर. गेणभाऊचा हात शेजारच्यानं धरून वर केला.

घरी सरुबाई भिंतीला टेकून वाट बघत व्हती. गेणभाऊनं चप्पल काढता काढता सांगून टाकलं की पाटबंधारेवाल्यांनी येऊन धरणाच्या पाण्याचं आवर्तन बंद केलं, तळघरातलं पाणी उतरलं, पोरगी निघाली भाईर.

सरुबाईनं त्याचं तोंड निरखलं.

"पाटबंधारेवालं एवढं येळंवर कवापासनं यायला लागलं?"

गेणभाऊ मोरीत जाऊन पाय धूत बसला. लई येळ धूत बसला.

सकाळी गाडी आली. तिला उचलून आत निजवलं, त्यो उशाशी बसला. मंचर येईस्तवर ती कण्हली न्हाई का रडली न्हाई, एकच इचारत राह्यली, "खरं सांगा. बुडली का?"

तवा मंडळी, तुमच्यात ज्यानं वाचलंय त्यानं गेणभाऊला तेवढं कळवा. तुमी तर समद्यांनीच वाचलं असणार. एवढी गोष्ट ऐकलीत, माना डोलावल्या, पण पुस्तकाचं नाव काय, ते एकानंबी इचारलं न्हाई.