दामलेकाका हॉल बघतात

कुठल्याही इमारतीत शिरलं की दामलेकाका आधी टाळी वाजवायचे. एकच, खणखणीत. मग मान तिरकी करून आवाज कुठे विरतो ते ऐकायचे आणि निकाल द्यायचे, "तबला घुमेल. पण आरतीला चालेल."

लंडनमध्ये, एजवेअरला ते आमच्या शेजारी राहायचे. तिथल्या मराठी मंडळासाठी हॉल बुक करायचं काम त्यांच्याकडे कधी आलं कुणास ठाऊक, पण ते काढून घ्यायची कुणाची छाती झाली नाही. चर्च हॉल, स्कूल हॉल, स्काउट हट, काकांनी काही सोडलं नाही. गणपती कुठे बसेल, पंगत कशी वळेल, फोडणी केली तर फायर अलार्म वाजेल का, हे प्रश्न ठरलेले. एकदा एका फ्युनरलला चॅपलमध्ये सगळे माना खाली घालून उभे असताना ते माझ्या कानात म्हणाले, "पार्किंग बघितलंस? उत्तम." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नव्वदच्या दशकात मंडळाची कोच ट्रिप इटलीला गेली. एका छोट्या गावात मध्ययुगातला टाउन हॉल होता, दगडी जिन्याचा, उंच छताचा. गावाचा कारभार केव्हाच दुसरीकडे गेलेला. आता तिथे प्रदर्शनं भरायची. त्या दिवशी जुन्या लेसचं होतं. लोक कुजबुजत बघत होते. काकांनी टाळी वाजवली.

सगळं प्रदर्शन वळून आमच्याकडे बघायला लागलं. मी माहितीपत्रकात तोंड खुपसलं. काका तोवर दारापाशी बसलेल्या बाईंकडे पोहोचले होते. "लव्हली हॉल, मॅडम. डू यू हायर इट आउट? एनी किचन?"

बाई हसल्या. तोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, भाड्याने देत नाही. फक्त वरच्या खोलीत गावातली लग्नं लागतात, रजिस्टर पद्धतीची. आत्ताही एक चाललंय.

काका किचनचं विसरून जिन्याकडे बघत राहिले. हे नवीनच होतं.

तेवढ्यात जिन्यावरून नवरानवरी उतरली. लोक दोन्ही बाजूंना उभे राहिले आणि तांदूळ उधळायला लागले. हो, तांदूळच. एका आजीबाईंनी मूठभर काकांच्याही हातात घातले. काका मूठ मिटून नुसते उभे राहिले.

"टाका की काका," मी म्हटलं. मला आपली घाई, आणखी शोभा नको.

"मीनलचं लग्न असंच रजिस्टर ऑफिसात झालं. नॉटिंगहॅमला," ते म्हणाले.

मीनल त्यांची एकुलती एक मुलगी. तिचं लग्न झाल्याचंच मला माहीत नव्हतं. काका सगळ्यांना सांगायचे, तिला अजून करिअर करायचंय.

"डेव्हिड म्हणून आहे कोणी. या, म्हणून फोन केलान तिने मला. मी गेलो नाही. मंडळात कोणत्या तोंडानं सांगू, असं वाटलं."

नवरीचे वडील तिचा लांब झगा सांभाळत दारातून बाहेर पडत होते. काका त्यांच्याकडेच बघत होते.

"आता त्या लग्नाची लाज नाही वाटत," ते म्हणाले. "माझीच वाटते."

"मग टाका ना, ह्यांच्यावर तरी," मी कसंबसं म्हटलं.

"ह्यांचे आईवडील आहेत की इथे," ते म्हणाले, आणि एकही दाणा सांडू न देता त्यांनी ते तांदूळ कोटाच्या खिशात घातले.