वडिलांचं नाव: निरंक

जन्माला येणं सोपं आहे. त्याची रीतसर नोंद होणं हेच खरं कर्तृत्व. म्हणूनच आमची जनुक नोंदणी समिती स्थापन झाली आणि गेली एकोणीस वर्षं ती अखंड बसलेली आहे. (उठते ती फक्त चहाला.) मी तिचा चिटणीस.

आमचा नियम सुटसुटीत आहे. नवं जनुक म्हणजे जुन्या जनुकाची नक्कल, दोन अक्षरं इकडची तिकडे. आमच्या फायली याच पद्धतीने जन्माला येतात, आणि समितीचे अध्यक्ष असलेल्या साहेबांचे तिन्ही पुतणे याच पद्धतीने नोकरीला लागले. उरलेल्या डीएनएत कामाचं काहीच लिहिलेलं नसतं, म्हणून ते भंगार. भंगाराला अर्ज करता येत नाही.

अशात माशीवाल्या बाई आल्या. सहा वर्षं फळमाश्या पाळून त्यांनी चक्क भंगारात एक जनुक शोधलं होतं! चार अक्षरं आपोआप बदलली, निरर्थक मजकुराचं वाक्य झालं, आणि पेशी ते वाचायला लागली. शुक्रवारपर्यंत त्याची नोंद झाली नाही तर बाईंची नोकरी जाणार होती.

साहेबांनी अर्ज उलटसुलट करून पाहिला.

"वडिलांचं नाव?"

"निरंक."

"अहो, असं कसं? कुणाचं तरी असेलच ना!"

"कुणाचंच नाही, साहेब. पण ते काढलं की नराला शून्य पिल्लं. ठेवलं की चारशे."

समितीत एकच खळबळ उडाली. ज्याला स्वतःला बाप नाही, ते दुसऱ्यांना बाप करतं? हा तर उघड शिस्तभंग! ती चारशे पिल्लं झालेलीच नाहीत, असा ठराव एकमताने संमत झाला. (त्यातली साठेक तेव्हा साहेबांच्या कपावर बसली होती.)

साहेब मनाने मोठे. म्हणाले, "हे बघा, डोळ्यांच्या रंगाचं जनुक चांगल्या घरचं आहे. बापाच्या जागी त्याचं नाव घाला, आत्ता सही करतो."

"खोटं नाही घालणार," बाई म्हणाल्या आणि खुदकन हसल्या. "एवढंसं तर आहे ते. घाबरताय काय?"

शुक्रवारी बाईंची नोकरी गेली. जनुकाची नोंद 'भंगार (कामसू)' अशी झाली. माश्या जोरात आहेत.

आला ना आमचा राग? यायलाच हवा. पण खरं सांगा, बाई कुणाच्या कोण, त्यांचं आडनाव काय असेल, हे वाचता वाचता मनात किती वेळा चाचपून पाहिलंत?

समितीत एक खुर्ची रिकामी आहे. या, बसा.