चौकोनांची हरकत

मुलांनो, डोळे मिटा आणि कोणीच हलत नाही अशी एक सभा नजरेसमोर आणा. शिस्त हा लोकशाहीचा पाया आहे. राजूरच्या वर डोंगरातल्या एका गावाने तो चांगलाच भक्कम घातला आहे.

तिथली ग्रामसभा मोबाईलवरून थेट वरच्या कार्यालयाला दिसते. नियम सरळ आहे: ज्याचा चेहरा ओळखू येईल, त्याचीच मागणी नोंदवावी. गावात रेंज जेमतेम (देवळाच्या ओट्यावर दोन काड्या, टाचा उंचावल्यास तीन). म्हणून दुसरा नियम: वर जाणाऱ्या प्रत्येक चित्राला डेटाचं माप सारखंच. आणि गावाने स्वतःहून केलेला तिसरा: सरपंच वाचत असताना कोणी हलू नये, इतर कोणी बोलत असल्यास चहा फिरवावा.

पाचवीतल्या ज्ञानेश्वरीची आत्या, राहीबाई, शाळेच्या बोअरला मोटर मागत होती. पोरं तहान लागली की वर्ग सोडून ओढ्यावर जात. पण हातवारे केल्याशिवाय राहीबाईला बोलता येत नसे. सलग तीन इतिवृत्तांत नोंद आली: ‘काही रंगीत चौकोनांनी हरकत घेतली. चौकोनांची ओळख पटली नाही.’ सरपंच सूर्यभानराव मात्र पुतळ्यासारखे बसून स्वागतकमानीचा ठराव वाचत. त्यांच्या मिशीचे केस मोजता येत (कार्यालयाने मोजले, दोनशे बारा).

“आत्ये, तू चौकोन का होतीस गं?”

“मला काय ठावं? मी तर चांगली गोल हाय!”

पंचायतीचा संगणक सांभाळणाऱ्या ज्योतीताईने शेवटी समजावलं, “सेकंदाला पंचवीस चित्रं. प्रत्येकाला रंगाची एकच वाटी. जे हललं नाही ते आधीच्या चित्रातलंच ठेवायचं, रंग वाचतो. हललं ते नव्याने रंगवायचं. सगळेच हलले की वाटी पुरत नाही. मग चौकोन.”

“आन एकटंच कुणी हललं तर?” ज्ञानेश्वरीने विचारलं.

“तर अख्खी वाटी त्याची.”

“मंग हलणं जास्त तवा मोठी वाटी का न्हाई देत? कमी तवा बारकी.”

“देता येते की. पण त्यासाठी सभेत मागणी करावी लागते. हात वर करून.”

ज्ञानेश्वरीने यावर आठवडाभर विचार केला.

पुढच्या सभेत कमानीचा ठराव सुरू झाला आणि तिने खूण केली. चाळीस पोरं उठली आणि लेझीम खेळू लागली. सूर्यभानराव ओरडायला उठले आणि उभ्या जागी चौकोन झाले. (कमानीची मागणी करणारा इसम ओळखू आला नाही.) मग लेझीम थांबली. पोरं मूर्तीसारखी बसली. चहावाल्या छगनच्या पुढ्यात दोन पोरं आडवी झाल्याने त्याचा ट्रेही हवेत थांबला.

“आत्ये, बोल आता. लई हात हलव!”

राहीबाई बोलली. वरच्या कार्यालयात तिच्या बांगड्यासुद्धा दिसल्या. मोटर नोंदवली गेली.

दुसऱ्या दिवशी ज्ञानेश्वरीने ज्योतीताईकडे जुन्या तिन्ही सभा पुन्हा लावल्या. आत्याचे चौकोन होत असताना जे जागचे हलले नव्हते, त्यांचे चेहरे लख्ख आले होते. तिने वही उघडून एकेकाचं नाव लिहायला घेतलं. तिसऱ्या रांगेत कोणीतरी डोळे मिटून अगदी शिस्तीत बसलं होतं. ती पडद्याशी वाकली, तिने तुम्हाला ओळखलं आणि पेन्सिलीला टोक काढलं.