गोविंदरावांचं दुमजली गॅरेज

"गॅरेज एक, गाड्या दोन. यात अडचण कसली? एक गाडी खाली, एक वर. झालं!"

गोविंदराव गायधनींनी सकाळच्या चहाला ही घोषणा केली, तेव्हा सुधाताईंनी आधी बशीतला चहा संपवला आणि मग विचारलं, "वर म्हणजे कुठे? गच्चीत?"

"लिफ्ट गं, लिफ्ट! चार खांबांची. बटण दाबलं की गाडी वर, तिच्या पोटाखाली दुसरी गाडी. परदेशात घरोघरी असते."

"परदेशात घरोघरी तुम्ही कधी गेला होतात?"

गोविंदरावांनी या प्रश्नाकडे दुर्लक्ष केलं. मोठी कामं करणाऱ्या माणसाला ते करावंच लागतं. ओझरच्या विमानाच्या कारखान्यात त्यांनी तपासणी खात्यात जन्म काढला होता. केसाच्या जाडीचाही फरक त्यांच्या नजरेतून सुटत नसे. विमानात ते बसले होते एकदाच, तेही मधल्या सीटवर. पण बोलताना मात्र 'आमची विमानं' असंच म्हणत. अशा माणसाला घरचं गॅरेज मोजायचं म्हणजे हातचा मळ!

खरी अडचण अशी होती. बँकेतून निवृत्त झाल्यावर सुधाताईंनी हौसेने एक नवी, उंचच उंच गाडी घेतली होती आणि ती बिचारी रस्त्यावर उन्हात उभी राहत होती. कारण गॅरेजात फियाट होती. पांढरी, जुनी, गोविंदरावांच्या वडिलांची. वडील रामकुंडावर पौरोहित्य करायचे आणि लांबून येणाऱ्या यजमानांना नाशिकरोड स्टेशनवरून याच गाडीतून आणायचे. गोविंदरावांचं लहानपण तिच्या मागच्या सीटवर, यजमानांच्या वळकट्यांत चेंगरून गेलं. वडील गेले, यजमान टॅक्सीने येऊ लागले, तरी गोविंदराव रोज सकाळी फियाटच्या बॉनेटवरून हात फिरवल्याशिवाय पेपर उघडत नसत. त्या गाडीवर त्यांचा जीव होता, आणि हे सांगायला त्यांना लाजही वाटत नसे.

सुधाताईंच्या लेखी ती गाडी नव्हतीच. ते घराचं कोठार होतं. वर्षाच्या गव्हाची पोती, इगतपुरीहून येणारा तांदूळ, सगळं कडुनिंबाचा पाला घालून तिच्या मागच्या सीटवर आणि डिकीत ठेवलेलं असे. आणि आता त्यांनी गाडीला गिऱ्हाईकही शोधलं होतं. निफाडचे धोंडीराम. द्राक्षबागेत त्यांनी नवीन हॉटेल काढलं होतं आणि गेटपाशी शोभेला त्यांना एक जुनी गाडी हवी होती.

"बॉनेट काढून टाकायचं अन् आत झेंडू लावायचा," धोंडीराम फोनवर म्हणाले होते. "लय भारी दिसंल, सायेब!"

त्या रात्री गोविंदरावांना जेवण गेलं नाही. वडिलांच्या गाडीत झेंडू!

शेवटी सुधाताईंनी निकाल दिला. "पुढच्या रविवारी धोंडीरामभाऊ येणार आहेत. त्याच्या आत तुमची ती लिफ्ट बसवा. फियाट वर जाऊन सुखरूप खाली आली, तर राहील. नाही तर झेंडू!"

गोविंदराव लगेच सातपूरला गेले. तिथे लिफ्ट विकणारा किशोर नावाचा चुणचुणीत माणूस भेटला.

"सर, दोन खांबी दाखवू? जागा कमी लागते."

"अजिबात नको! दोन खांबांवर गाडी लोंबकळते. चारी चाकं हवेत! चार खांबी म्हणजे कसा पलंग. चाकं टेकून गाडी निवांत पडली पाहिजे."

"बरोबर सर. आणि गॅरेजची उंची?"

"उंची? मला विचारता?" गोविंदराव हसले. "अहो, आमच्या विमानांना मी मापं चुकू दिली नाहीत!"

किशोरने नम्रपणे समजावलं. "सर, एकच लक्षात ठेवा. गाडी वर गेली की चारी खांबांत खिट्ट्या लागतात आणि सगळा भार खिट्ट्यांवर बसतो. खाली आणताना गाडी आधी बोटभर वर घ्यायची, मग खिट्ट्या सुटतात. म्हणून टपावर थोडी मोकळी जागा हवी."

"बोटभर ना? मी दोन बोटं ठेवतो!"

आणि त्यांनी मोजलं. स्टीलची टेप, पाणसळ, कानावर पेन्सिल. नवी गाडी मोजली, फियाट मोजली, छताची तुळई मोजली. सुधाताई जेवायला हाका मारून थकल्या, पण हे आपले फियाटच्या टपावर गाल टेकवून एक डोळा मिटून बघतायत. शेवटी खूण केली. याच्याखाली लिफ्ट थांबवली तर नव्या गाडीचं टप लागणार. याच्यावर जायला तुळई नाही म्हणणार. बरोब्बर मधोमध फियाट, आणि वर दोन बोटं जागा!

"याला म्हणतात माप," ते स्वतःलाच म्हणाले.

खांबांचे बोल्ट ठोकायला जमिनीला भोकं पाडायची होती. त्या दिवशी अख्ख्या इंदिरानगरला वाटलं, गोविंदरावांना अंगणात पाणी लागलं! भिंतीपलीकडच्या स्वयंपाकघरात सुधाताईंची लोणच्याची बरणी फडताळावर चालत चालत कडेपर्यंत आली. पण लिफ्ट बसली. निळी, चकचकीत, चार पायांवर ऐटीत उभी.

रविवार उजाडला. गायधनींच्या घरात यंत्र असो की वासरू, पूजेशिवाय आत यायचं नाही, आणि पहिला मान बहिणीचा. म्हणून पंचवटीहून गोविंदरावांच्या थोरल्या बहीण आशाताई आल्या. आशाताईंची तब्येत भरभक्कम. त्या रिक्षात बसल्या की रिक्षावाला दुसरं गिऱ्हाईक घेत नसे. पूजेची गाडी म्हणून सुधाताईंनी आदल्या दिवशीच फियाट रिकामी करून, पुसून लख्ख केली होती. नारळ फुटला, खांबांना हळदकुंकू लागलं, आणि आशाताई हातात पेढ्यांचं ताट घेऊन पुढच्या सीटवर विराजमान झाल्या.

"गोविंदा, हळू रे!"

"ताई, विमानासारखी नेतो!"

बटण दाबलं. घर्रर्र... फियाट वर निघाली. आशाताई खिडकीतून हात हलवू लागल्या. गेटपाशी जमलेल्या शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. वर गेल्यावर खटाखट चार खिट्ट्या लागल्या. लेक अपूर्वाने नवी गाडी अलगद खाली आणून लावली. दोन गाड्या, एक गॅरेज! गोविंदरावांनी सुधाताईंकडे असं पाहिलं, की जणू विमान त्यांनी एकट्याने बांधून आकाशात सोडलंय.

"छान," सुधाताई म्हणाल्या. "आता खाली आणा."

अपूर्वाने नवी गाडी बाहेर काढली. गोविंदरावांनी शिकवल्याप्रमाणे आधी वरचं बटण दाबलं. फियाट जेमतेम हलली आणि...

टक्!

टप तुळईला टेकलं. खिट्ट्या जागच्या जागी. पुन्हा बटण दाबलं. पुन्हा टक्!

"काय रे, पोहोचलो का?" वरून आशाताई.

"नाही ताई. म्हणजे... पोहोचलात. जरा जास्तच."

दोन बोटं जागा ठेवली होती! कुठे गेली ती? तुळई खाली आली? फियाट वाढली? या वयात? त्यांनी किशोरला फोन लावला. तो द्वारका चौकातल्या गर्दीत अडकला होता.

"सर, वर जागा करावीच लागेल."

"छत उचलू का?"

"नाही सर. गाडी दाबली तरी चालेल!"

आशाताईंचा धीर सुटला. "मी उतरते बाई! शिडी लावा." शिडी लागली. आशाताईंनी दार उघडून एक पाय बाहेर काढला मात्र, फियाटच्या स्प्रिंगा सैल झाल्या, टप वर उचललं गेलं आणि तुळईच्या सिमेंटची भुकटी खाली नुकत्याच झाडलेल्या फरशीवर पडली.

"ताई, बसा! हलू नका!" गोविंदराव ओरडले.

"म्हणजे मी इथेच राहू?"

"थोडा वेळ!"

"मग चहा तरी पाठव वर!"

नेमके याच वेळी धोंडीराम आले. सोबत पत्नी कुसाबाई आणि भेट म्हणून द्राक्षांचा क्रेट. ताकाला जाऊन भांडं लपवायची धोंडीरामांना सवय नव्हती.

"राम राम सायेब. गाडी कुठं हाय?"

"वर," गोविंदराव म्हणाले.

धोंडीरामांनी वर पाहिलं. खिडकीतून आशाताईंनी त्यांना नमस्कार केला.

"या बाई गाडीसंगं येत्यात का?"

"नाही हो! पूजा चालली आहे आमची," गोविंदराव म्हणाले. "शास्त्रच आहे तसं. थोडा वेळ वर बसवून ठेवायचं."

पण सुधाताई एकटक फियाटच्या मागच्या चाकांकडे बघत होत्या. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "अहो, गाडी मोजलीत तेव्हा आत काय होतं?"

"काय असणार? गहू."

"आणि तांदूळ."

"हो, तांदूळ. मग?"

"ते सगळं मी काल गच्चीत वाळत घातलंय."

पोत्यांच्या ओझ्याने खाली बसलेल्या गाडीची उंची त्यांनी मोजली होती! केसाच्या जाडीचा फरक पकडणाऱ्या माणसाच्या नजरेसमोरून वर्षाचं धान्य निसटलं होतं! ओझरचा एखादा जुना साहेब आत्ता गेटमधून आत आला असता, तर गोविंदराव नव्या गाडीखाली जाऊन लपले असते.

"मग पोती आणू वर?" अपूर्वा म्हणाली.

"गहू सुटे पसरलेत. भरेपर्यंत संध्याकाळ होईल. आणि पोती शिडीवरून चढवणार कोण?" सुधाताईंनी पदर खोचला. "माणसं मात्र आपल्या पायांनी चढतात. धोंडीरामभाऊ, तुमचं वजन किती?"

"देवाच्या दयेनं चांगलं हाय, ताई!"

"मग बसता का गाडीत?"

"बसतो की! पन गाडी तर मी खाली ठिवायला घ्यायची म्हनत होतो."

मंडळी, त्या दिवशी जे शेजाऱ्यांनी पाहिलं ते इंदिरानगर अजून विसरलेलं नाही. शिडीवरून आधी धोंडीराम चढले. शिडी वाकली, पण मोडली नाही. मग कुसाबाई, "आवं, धरा ना मला, का नुस्तं बघताय?" असं नवऱ्याला झापत. मग अपूर्वा. मग द्राक्षांचा क्रेट. एकेक जण आत बसला की फियाट थोडी थोडी खाली बसायची आणि तुळईखाली उजेडाची फट दिसायची. पण अजून थोडं हवं होतं.

"आता तूच," गोविंदराव सुधाताईंना म्हणाले.

आत एकच जागा उरली होती. स्टेअरिंगसमोरची! लग्नाला इतकी वर्षं झाली, सुधाताई गावभर गाडी चालवत हिंडत होत्या, पण फियाटच्या स्टेअरिंगला गोविंदरावांनी त्यांना कधी हात लावू दिला नव्हता. "तिचा गिअर नाजूक आहे," हे एकच उत्तर. आज त्यांनी स्वतःच शिडी धरली.

सुधाताई बसल्या. फट रुंदावली. बटण दाबलं. फियाट बोटभर वर गेली, खटाखट खिट्ट्या सुटल्या, आणि आत पाच माणसं, पेढे आणि द्राक्षं घेऊन गाडी डुलत डुलत खाली आली. गेटपाशी पुन्हा टाळ्या! आशाताईंनी आतल्या आत सगळ्यांना पेढे वाटून टाकले होते.

गाडी टेकली. कोणीच उतरेना. सुधाताईंचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते. त्या पुढच्या काचेतून बघत होत्या आणि गोविंदराव त्यांच्याकडे. आता झेंडू म्हणणार. आता म्हणणार!

"धोंडीरामभाऊ," सुधाताई म्हणाल्या, "माफ करा. ही गाडी द्यायची नाही."

"मी बी तेच म्हनतो, ताई," मागून धोंडीराम म्हणाले. "या गाडीत मानूसच बसावं. झेंडू नाय."

गोविंदरावांचे डोळे भरून आले. त्यांनी ते बॉनेट पुसायच्या फडक्याने पुसले, त्यामुळे कपाळावर काळा पट्टा उमटला. पण आज त्यांना कशाचीच पर्वा नव्हती. वडिलांची फियाट राहिली!

पुढच्या रविवारी त्यांनी ठरवलं, फियाटने गंगापूर रोडला मिसळ खायला जायचं. आता ती त्याच मापाला वर ठेवली होती, म्हणजे खाली आणायला वजन हवं. धान्य पुन्हा आत भरायला सुधाताईंनी साफ नकार दिला होता. "माझी गाडी आहे ती आता, कोठार नाही!" मग फोन झाले. पंचवटीहून आशाताई आल्या, निफाडहून धोंडीराम आणि कुसाबाई आले, अपूर्वा आली. सगळे सराईतासारखे शिडी चढले. सुधाताई स्टेअरिंगवर बसल्या. गोविंदरावांनी बटण दाबलं. फियाट फुलासारखी खाली उतरली आणि सुधाताईंनी ती सुरू करून अंगणात आणली.

गोविंदराव हात पुसत दाराशी आले. "चला! मी कुठे बसू?"

आत सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मागे तिघं घट्ट बसले होते. पुढे आशाताईंच्या शेजारी आणखी कोणी बसणं हे मापाच्या बाहेर होतं.

"मी उतरतो, सायेब," धोंडीराम म्हणाले.

"काहीतरीच काय भाऊ! पाहुण्यांना कोणी उतरवतं का?" सुधाताईंनी गिअर टाकला. नाजूक गिअर सुतासारखा सरळ पडला. "अहो, बटण दाबणारा माणूस बाहेरच राहणार ना! तुमच्यासाठी पार्सल आणते. तर्री वेगळी बांधून!"

"मग मी नवी गाडी घेऊन मागून येतो!"

"तिची किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. आणि पर्स ताईंच्या खाली!"

फियाटने एक जोरदार हॉर्न दिला आणि ती कोपऱ्यावरून वळली. मागच्या काचेतून कुसाबाई हात हलवत होत्या. गोविंदराव बराच वेळ गेटपाशी उभे होते. मग त्यांना आठवलं, पार्सलबरोबर पाव येतीलच याचा काही भरवसा नाही. त्यांनी पिशवी घेतली, गेट लावलं, आणि दोन गाड्यांचा मालक कोपऱ्यावरच्या बेकरीकडे निघाला. पायी!