चमचा बशीतच राहिला

"आई, मॅडमना काहीही शिकवायचं नाही. चहा कसा घ्यायचा, साय कशी सोडायची, काही म्हणजे काही नाही. त्या आपल्या घरी येताहेत, शाळेत नाही," फोल्केने पुन्हा एकदा बजावलं.

ओक्काबाई कप पुसत होत्या. "बरं बाई. आणि चमचा?"

"चमच्याचं तर मुळीच नाही!"

ओस्टफ्रीसलांड या जर्मन किनारपट्टीवरच्या त्यांच्या गावात चहा ढवळत नाहीत. कपात आधी खडीसाखरेचा खडा, वर कडक चहा, कडेने साय. चमचा नुसता बशीत बसून असतो. त्याचं काम एकच. पोट भरलं की पाहुण्याने तो कपात ठेवायचा. तोवर यजमानीण ओतत राहते.

"नाही सांगत," ओक्काबाई म्हणाल्या. "फक्त तीन कपांच्या आत ठेवू नये म्हणजे झालं. तुझ्या आत्याच्या सासूने दुसऱ्याच कपाला चमचा ठेवला होता. अजून त्या घराशी आपलं जाणं-येणं नाही."

फोल्केला घोर मात्र वेगळाच होता. इंग्रजांचं राज्य गेल्यावर घानातल्या घरांमधला पाहुणचार कसा बदलला, यावर तिने पाच वर्षं घालवून प्रबंध लिहिला होता. आज दुपारी त्याची तोंडी परीक्षा होती. परीक्षक म्हणून घानातल्या केप कोस्टहून प्राध्यापक अराबा क्वान्सा आल्या होत्या. मागच्या वर्षी दुसऱ्या एका विद्यापीठात त्यांनी एका उमेदवाराला सरळ घरी पाठवलं होतं. आणि त्याच मॅडमनी स्वतः होऊन कळवलं होतं, परीक्षेआधी तुमच्याकडचा चहा घ्यायला आवडेल. फोल्केचे मार्गदर्शक लुडेमान सर म्हणाले होते, "जरूर बोलाव. चहाने निकाल बदलत नाही."

फोल्केच्या प्रबंधाचा कणा असा होता की, यजमानाने आपली रीत पाहुण्याला शिकवणं म्हणजे त्याच्यावर थोडं राज्य करणंच. म्हणून ही सगळी तंबी.

क्वान्सा मॅडम आल्या. उंच, शांत, डोक्याला निळं फडकं बांधलेलं. ओक्काबाईंचे दोन्ही हात हातात घेऊन खुर्चीवर बसतात न बसतात, तोच त्यांच्या कपात खडीसाखरेचा खडा टणकन पडला.

मॅडमच्या चेहऱ्यावरून एक ढग सरकला. ईस्टरच्या आधीचे उपवासाचे दिवस चालू होते आणि त्यांनी त्या दिवसांपुरती साखर सोडली होती. दरवर्षीचा नेम, आईपासून चालत आलेला. पण म्हातारीने मायेने घातलेला खडा परत काढायला कसं सांगायचं? नेमाचा गाजावाजा करायचा नाही, हीही आईचीच शिकवण. त्यांनी क्षणभर डोळे मिटले आणि तडजोड काढली. ढवळायचं नाही. तळचं देवाचं, वरचं आपलं. चमच्याला तर हातच लावायचा नाही.

"बघ, बघ," ओक्काबाई आपल्या बोलीत कुजबुजल्या, "ढवळलं नाही हो! आपल्यातलीच आहे अगदी."

मॅडमनी कप खड्यापर्यंत रिकामा केला. मोठ्या माणसाने वाढलेलं उरवायचं नाही, हे त्यांच्या घरचं वळण. ओक्काबाईंनी पाहिलं, कप रिकामा, चमचा बशीत. त्यांनी भरला. मॅडमनी संपवला. ओक्काबाईंनी भरला.

"छान आहे चहा," मॅडम म्हणाल्या आणि तिथेच फसल्या.

किटली दुसऱ्यांदा चुलीवर चढली, तेव्हा ओक्काबाई हळूच म्हणाल्या, "फोल्के, हिला सांग ना गं चमच्याचं. बिचारीच्या कपाळावर घाम आलाय."

"आई, गप्प बस! त्यांच्याकडे असंच पीत असतील. आपण कोण ठरवणार?"

"अगं, पण माणसाचं पोट ते!"

"काय म्हणतात आई?" मॅडमनी विचारलं.

"तुम्ही आलात, फार बरं वाटलं म्हणतेय," फोल्के म्हणाली. मग मॅडमना पुढचा कपही संपवावा लागला.

निघताना मॅडम दारात थबकल्या. काहीतरी विचारणार होत्या. पण लुडेमान सर गाडी घेऊन हजर होते आणि वेळ भरत आली होती.

परीक्षा सुरू झाली. फोल्केने घसा साफ केला. "पहिल्या प्रकरणात माझं म्हणणं असं की, राज्य करणाऱ्यांचा चहा..."

"माफ करा," म्हणून मॅडम उठल्या आणि झपाझप बाहेर गेल्या.

फोल्के पांढरी पडली. लुडेमान सर वाकून म्हणाले, "जरा मवाळ घे. घाव वर्मी लागलाय."

मॅडम परतल्यावर फोल्के म्हणाली, "पहिल्या प्रकरणातला दावा कदाचित थोडा जास्त झाला."

"असं? मला तर तो पटला होता," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या प्रकरणाला त्या पुन्हा उठल्या. फोल्केने तोही दावा सोडला. तिसरं प्रकरण तर चहाच्या किटलीवर होतं. तो शब्द ऐकताच मॅडम दरवाजाकडे जवळजवळ धावल्याच. त्या परत आल्या तेव्हा फोल्केचे डोळे भरले होते. "मॅडम, तिसरं मी मागे घेते. चौथंही. पाहिजे तर पाचवंसुद्धा."

"थांब, पोरी!" मॅडमनी हात वर केला. "अशी प्रकरणं वाटत सुटलीस तर संध्याकाळपर्यंत नुसता पुठ्ठा उरेल. मला एकच प्रश्न विचारायचाय. नीट विचार करून उत्तर दे. तुमच्याकडे चहा थांबवायचा कसा?"

फोल्केने मान खाली घातली.

"चमचा... कपात ठेवायचा," फोल्के पुटपुटली.

"आणि हे तुला सकाळपासून माहीत होतं?"

"हो. पण सांगणं म्हणजे लादणं, असं मी दुसऱ्या प्रकरणात..."

"मी चमच्याला हात लावत नव्हते, कारण माझी साखर सोडलेली आहे. तुम्ही सांगत नव्हतात, कारण तुमचा प्रबंध आहे. दोघींच्या चांगुलपणात माझं पोट फुटायची वेळ आली!" आणि मॅडम अशा काही हसल्या की त्यांना पुन्हा बाहेर, कोपऱ्यातल्या स्वच्छतागृहाकडे धावावं लागलं.

परत आल्यावर त्यांनी निकाल दिला. उत्तीर्ण. अट एकच, दुसऱ्या प्रकरणात आजची सकाळ घालायची. बाकीच्या परीक्षकांनी तिथल्या रीतीप्रमाणे टाळ्यांऐवजी टेबलावर बोटं ठोकली. लुडेमान सरांनी सगळ्यात जोरात ठोकली.

बाहेर ओक्काबाई टोपलीत कप आणि लोकरी टोपडं घातलेली किटली घेऊन उभ्या होत्या. फोल्केने त्यांना साखरेचं सांगितलं, तशी त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, नेम होता तर बोलायचं ना, बाई! नेमाच्या माणसाला मी पाप लावलं असतं." त्यांनी बिनसाखरेचा कप भरून पुढे केला.

मॅडमनी तो मन लावून प्यायला. मग सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि पहिलीतल्या मुलीच्या अभिमानाने चमचा उचलून कपात ठेवला.

ओक्काबाईंचा चेहरा उतरला. आत्याच्या सासूच्या वेळी उतरला होता, तसाच. त्यांनी किटलीवर टोपडं चढवायला घेतलं.

नव्या डॉक्टरबाईंनी आईकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं, आणि मोठा श्वास घेतला. "मॅडम, एक सांगायचं राहिलंच. तीन कपांच्या आत चमचा ठेवला तर तो... घरचा अपमान."

मॅडमनी एकवार किटलीकडे पाहिलं. मग त्यांनी चमचा काढला, पुसला, बशीत ठेवला आणि कप पुढे केला.

"घाला, ताई," त्या म्हणाल्या. "आणि डॉक्टर फोल्के, तू जाऊन त्या कोपऱ्यातल्या दाराशी उभी राहा. आत कुणाला जाऊ देऊ नकोस."